विश्लेषण : बुलेटएवढ्या ताकदीची मोटार बर्फातून मॉन्टे कार्लोला कशी पोहोचली? डोनाल्ड हीली आणि कमी खर्चातल्या रॅलीचे गणित

दर जानेवारीत मॉन्टे कार्लो रॅलीने जागतिक रॅली अजिंक्यपद मालिकेचा हंगाम सुरू होतो. आज त्यात उतरणारे कारखान्यांचे संघ अफाट खर्च करतात. पण ९० वर्षांहून अधिक काळापूर्वी इंग्लंडमधल्या एका समुद्रकाठच्या गावातला गॅरेजवाला ८३२ सीसीची मोटार घेऊन याच स्पर्धेत उतरला आणि सातवा आला. पुढच्याच वर्षी त्याने ही स्पर्धा जिंकली. डोनाल्ड हीली हे त्याचे नाव. ‘ऑस्टिन-हीली’ या स्पोर्ट्स कारमुळे ते जगाला माहीत झाले. पण बर्फातल्या रॅलीत पैसा कुठे कामी येतो आणि कुठे येत नाही, याचा त्यांच्याइतका स्पष्ट धडा क्वचितच कुणाच्या कारकीर्दीत सापडतो.

रॅली म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे रॅली म्हटले की मोर्चा किंवा प्रचारफेरी डोळ्यांपुढे येते. मोटार क्रीडेतली रॅली वेगळी. शर्यतीत सगळ्या गाड्या एकाच ट्रॅकवर एकमेकींशी झुंजतात, तर रॅलीत प्रत्येक गाडी ठरावीक अंतराने सुटते आणि तिची खरी लढत घड्याळाशी असते. गाडीत दोघे असतात. एक चालवतो, दुसरा पुढच्या वळणांची माहिती वाचून दाखवतो. आजच्या ‘स्टेज रॅली’त वाहतुकीसाठी बंद केलेल्या रस्त्यांचे तुकडे म्हणजे स्टेज असतात. तिथे सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेळ मोजली जाते. दोन स्टेजमधला प्रवास मात्र सगळ्यांसारखा वाहतुकीचे नियम पाळून करायचा असतो.

हीली यांच्या काळात स्पर्धेचे स्वरूप असे नव्हते. मॉन्टे कार्लो रॅली १९११ मध्ये सुरू झाली ती हिवाळ्यात पर्यटक मोनाकोकडे वळावेत म्हणून. स्पर्धक युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतून निघायचे आणि ठरलेली सरासरी राखत मोनाकोला पोहोचायचे. सुरुवातीचे शहर जितके दूर आणि अवघड, तितके गुण जास्त. तिथे पोहोचल्यावर गाडीच्या चाचण्या व्हायच्या आणि त्यातून क्रमांक ठरायचे. म्हणजे वेग हा स्पर्धेचा एक भाग होता. कडाक्याच्या थंडीत दिवसरात्र न थांबता चालत राहणे हा त्याहून मोठा भाग होता.

हीली कोण होते?

डोनाल्ड हीली यांचा जन्म ३ जुलै १८९८ रोजी कॉर्नवॉलमधल्या पेरनपोर्थ या गावी झाला. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचे हे समुद्रकिनाऱ्यावरचे लहानसे ठिकाण. घरचे दुकान होते आणि वडिलांना मोटारींची आवड होती. मुलाचा कल यंत्रांकडे आहे हे ओळखून वडिलांनी पैसे भरून त्याला सॉपविथ या विमान कंपनीत उमेदवारीला पाठवले. काम शिकता शिकता त्याचे अभियांत्रिकीचे शिक्षणही चालू होते.

पहिले महायुद्ध पेटले होते. उमेदवारी पुरी होण्याआधीच, १९१६ मध्ये, हीली यांनी रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये नाव नोंदवले आणि ते वैमानिक झाले. रात्रीच्या बॉम्बफेकीच्या एका मोहिमेत त्यांचे विमान पडले, तेही शत्रूच्या नव्हे तर ब्रिटिशांच्याच विमानवेधी तोफांच्या माऱ्याने. त्यानंतरही अपघात होत राहिले. अखेर १९१७ मध्ये प्रकृतीच्या कारणावरून त्यांना उड्डाणातून बाजूला केले गेले. उरलेला युद्धकाळ विमानांचे सुटे भाग तपासण्यात गेला.

हे काम वरवर कंटाळवाणे वाटते. पण कोणता भाग कधी आणि का निकामी होतो, हे पाहण्याची नजर अशा कामातूनच तयार होते. युद्ध संपल्यावर हीली गावी परतले. त्यांनी पत्रद्वारा मोटार अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम पुरा केला आणि १९२० मध्ये पेरनपोर्थला गॅरेज उघडले. गाड्यांची दुरुस्ती आणि भाड्याने मोटार देणे, हा धंदा. १९२१ मध्ये लग्न झाले, पुढे तीन मुलगे झाले.

गॅरेजवाला स्पर्धेत कसा आला?

पेरनपोर्थ तसे उन्हाळी पर्यटकांचे गाव. पण हीली यांचे मन गल्ल्यावर नव्हते. गॅरेजमधली जागा, हत्यारे आणि स्वतःचे हात यांचा उपयोग ते हळूहळू स्पर्धेच्या गाड्या तयार करण्यासाठी करू लागले. ब्रिटनमध्ये तेव्हा ‘ट्रायल’ प्रकारच्या स्पर्धा लोकप्रिय होत्या. चिखलाच्या, खड्या चढणीवर गाडी न थांबता वर नेता येते का, एवढेच त्यात पाहायचे. या स्पर्धांतून हीली यांचा हात तयार झाला.

हौशी स्पर्धकाचा सगळ्यात मोठा खर्च नेहमीच गाडीच्या किमतीपलीकडे असतो. दुरुस्ती, टायर, इंधन, प्रवास आणि बुडालेले कामाचे दिवस यांत पैसा जातो. स्वतःचे गॅरेज असलेल्या माणसाचा यातला दुरुस्तीचा भाग जवळजवळ मजुरीशिवाय होतो. आजही जगभरच्या स्थानिक रॅलींत मेकॅनिक आणि गॅरेजमालक मोठ्या संख्येने दिसतात, त्याचे कारण हेच.

एवढी छोटी मोटार का निवडली?

१९२९ मध्ये हीली पहिल्यांदा मॉन्टे कार्लो रॅलीत उतरले. मोटार होती ट्रायम्फ सुपर सेव्हन. त्या वर्षी युरोपात हिवाळा अतिशय तीव्र होता. बर्फाने वाटेत इतका वेळ खाल्ला, की ते वेळेच्या मर्यादेत बसू शकले नाहीत. तरी १९३० मध्ये त्यांनी पुन्हा याच गाडीवर भरवसा ठेवला.

सुपर सेव्हन १९२७ मध्ये बाजारात आली होती. मध्यमवर्गीय कुटुंबासाठीची ती स्वस्त, लहान गाडी होती. इंजिन ८३२ सीसी. आपल्याकडच्या मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे होते, म्हणजे आकार जवळपास तोच. ताकद मात्र जेमतेम २१ अश्वशक्ती. आजची ३५० सीसीची बुलेट साधारण एवढीच ताकद देते. गिअर तीनच. पण एका बाबतीत ही गाडी तिच्या वर्गातल्या इतरांपेक्षा पुढे होती. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते. छोट्या गाड्यांमध्ये ही सोय तेव्हा दुर्मीळ होती.

या निवडीमागे साधे गणित दिसते. स्पर्धेत राखायची सरासरी ताशी ४० किलोमीटरच्या आसपास होती. समजा अंतर ३००० किलोमीटर आहे. या सरासरीने ७५ तास लागतात, म्हणजे तीन दिवस, तीन रात्री आणि वर तीन तास. गाडी ताशी ८० किलोमीटर धावते की १४०, याने इथे फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो थांबण्याने. गाडी तासभर बर्फात अडकली तर ४० किलोमीटरची तूट येते. ती भरून काढायला पुढे सलग दोन तास ताशी ६० ची सरासरी ठेवावी लागते. ५० चीच जमली तर चार तास लागतात. बर्फाळ, अंधाऱ्या रस्त्यावर हे किती कठीण आहे, हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे वेगवान गाडीपेक्षा न अडकणारी आणि अडकलीच तर दोघांना ढकलून बाहेर काढता येईल अशी गाडी जास्त कामाची ठरते.

बर्फात इंजिनाची ताकद का वाया जाते?

कोरड्या डांबरावर टायरची पकड चांगली असते. दाबून बसलेल्या बर्फावर ती साधारण एक तृतीयांशावर येते आणि निसरड्या काचेसारख्या बर्फावर त्याहूनही खाली जाते. इंजिनाने कितीही जोर लावला तरी टायर पेलेल तेवढाच जोर रस्त्यावर उतरतो, बाकीचा चाक जागच्या जागी फिरवण्यात जातो. म्हणूनच रॅलीच्या दुनियेत बर्फाला बरोबरी साधणारा मानतात. तो मोठ्या इंजिनाचा फायदा कापून टाकतो.

हलक्या गाडीचे आणखी काही फायदे असतात. ताज्या, भुसभुशीत बर्फात अरुंद टायर खालच्या कठीण थरापर्यंत कापत जातो, रुंद टायर वरच तरंगतो. स्वीडनसारख्या ठिकाणच्या बर्फाळ रॅलींत आजही खिळे बसवलेले अरुंद टायर वापरतात, ते यासाठीच. शिवाय लहान गाडीला इंधन कमी लागते, टायर स्वस्त पडतात आणि सुटे भाग हलके असल्याने सोबत नेता येतात.

पण लहान गाडीतला त्रासही मोठा होता. त्या काळच्या मोटारींत हीटर नसे. काचेवर बर्फ साचला की समोरचे काही दिसत नसे. थंडीने इंजिनातले तेल घट्ट व्हायचे आणि हँडल मारून गाडी सुरू करणे जिकिरीचे व्हायचे. रेडिएटरमधले पाणी गोठले तर इंजिनाचे काम तमाम. चालक आणि सोबती आळीपाळीने गाडीतच डुलकी काढत. अशा प्रवासात माणसाची झोप हाही एक सुटा भाग असतो, आणि तो वाटेत कुठे विकत मिळत नाही.

१९३० मध्ये नेमके काय झाले?

हीली यांनी सुरुवातीचे ठिकाण निवडले एस्टोनियाची राजधानी टॅलिन. बाल्टिक समुद्राच्या काठावरच्या या शहरातून निघून बाल्टिक देश, जर्मनी, फ्रान्स असा युरोप तिरका कापत भूमध्य समुद्रापर्यंत यायचे. दूरच्या शहराला जास्त गुण असल्याने जोखीम मोठी आणि बक्षीसही मोठे. स्पर्धा सुरू होण्याआधी ऐन हिवाळ्यात गाडी तिथवर नेणे हा वेगळाच उद्योग.

सुपर सेव्हन मोनाकोला पोहोचली आणि एकूण क्रमवारीत सातवी आली. ब्रिटिश गाड्यांमध्ये ती पहिली होती. विजेते ठरले फ्रान्सचे हेक्टर पेती. त्यांची गाडीही अवाढव्य नव्हती, फ्रेंच बनावटीची लिकॉर्न होती. पण २१ अश्वशक्तीच्या कौटुंबिक मोटारीने अनेक मोठ्या गाड्यांना मागे टाकणे, ही मोटार जगतात चर्चेची गोष्ट झाली.

मग विजयासाठी मोठी गाडी का लागली?

इथे या गोष्टीची दुसरी बाजू येते, आणि ती टाळून चालणार नाही. छोट्या गाडीने हीली यांना सातव्या क्रमांकापर्यंत नेले. पहिल्या क्रमांकावर नेले ते इनव्हिक्टा या महागड्या गाडीने. इनव्हिक्टाचे प्रमुख नोएल मॅक्लिन यांनी हीली यांचे कौशल्य हेरले आणि १९३१ च्या रॅलीसाठी त्यांना आपली साडेचार लिटरची, जमिनीलगत बसणारी स्पोर्ट्स कार दिली.

यंदा सुरुवात नॉर्वेतल्या स्टावांगरहून होती. वाटेत बर्फावर गाडी घसरली आणि रस्त्याकडेच्या खांबावर आदळली. मागचा ॲक्सल जागेवरून सरकला आणि एका चाकाचा ब्रेक निकामी झाला. अशा अवस्थेत हजारो किलोमीटर बाकी होते. कारखान्याच्या मेकॅनिकांचा ताफा मागे नव्हता. जे करायचे ते गाडीतल्या माणसांनीच, गाडीतल्या हत्यारांनी. वाकड्या चालीची ती गाडी हीली यांनी मोनाकोपर्यंत आणली, तिथल्या चाचण्या दिल्या आणि स्पर्धा जिंकली.

महागडी गाडी नसती तर हा विजय मिळाला नसता. पण गॅरेजमध्ये घालवलेली ११ वर्षे नसती, तर ती गाडी स्कँडिनेव्हियातच राहिली असती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. या स्पर्धेत ब्रिटिश मोटारीला पुढचा विजय मिळाला थेट १९५२ मध्ये, सिडनी ॲलार्ड यांनी स्वतःच्याच कंपनीची गाडी चालवून. १९३२ मध्ये हीली पुन्हा इनव्हिक्टा घेऊन स्वीडनमधल्या उमेओहून निघाले आणि दुसरे आले.

पैसा आला, मग काय बदलले?

या यशानंतर हीली यांना मागणी आली. त्यांनी गॅरेज विकले आणि ते मोटार कारखान्यांच्या मिडलँड्स भागात गेले. आधी रायली, मग ट्रायम्फ. ट्रायम्फमध्ये लवकरच सगळ्या नव्या गाड्यांच्या तांत्रिक बाजूची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९३४ मध्ये स्वतः घडवलेल्या ट्रायम्फ ग्लोरिया या मध्यम आकाराच्या गाडीतून ते अथेन्सहून निघाले. बाल्कन देशांतले चिखल-बर्फाचे रस्ते हा त्या काळी सगळ्यात कठीण मार्ग मानला जाई. ते एकूण तिसरे आले आणि आपल्या गटात पहिले.

यानंतर आली ट्रायम्फ डोलोमाइट. आठ सिलिंडरचे, सुपरचार्जर बसवलेले दोन लिटरचे इंजिन. रचना इटलीच्या अल्फा रोमिओवर बेतलेली. सुपर सेव्हनच्या अनेक पट ताकद असलेली ही गाडी म्हणजे अभियंत्याचे स्वप्नच होते. १९३५ च्या रॅलीत ती घेऊन हीली निघाले. डेन्मार्कमध्ये दाट धुक्यात एका रेल्वे फाटकावर आगगाडीने तिला धडक दिली. मोटारीचा चुराडा झाला, हीली आणि त्यांचे सहकारी थोडक्यात बचावले. पुढच्या वर्षी सुपरचार्जर काढून टाकलेली डोलोमाइट घेऊन ते पुन्हा गेले आणि आठवे आले.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १९३० मध्ये ८३२ सीसीची स्वस्त गाडी, क्रमांक सातवा. १९३६ मध्ये आठ सिलिंडरची महागडी गाडी, क्रमांक आठवा. दोन्ही वेळा चालक एकच. स्पर्धेचे नियम आणि रस्त्यांची स्थिती दरवर्षी बदलत असल्याने ही तुलना काटेकोर नाही. तरी पैसा वाढला म्हणून निकाल आपोआप वाढत नाही, एवढे त्यातून नक्की कळते. कंपनीलाही ही महत्त्वाकांक्षा झेपणारी नव्हती. डोलोमाइट अवघ्या तीन बनल्या. ट्रायम्फ आर्थिक अडचणीत सापडली आणि १९३९ मध्ये कोसळली.

काटकसरीचा धडा पुढे कुठे दिसला?

दुसऱ्या महायुद्धात हीली यांनी विमानांच्या कार्ब्युरेटरचे उत्पादन आणि चिलखती गाड्यांचे काम केले. १९४५ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षाच्या आसपास, त्यांनी वॉरिक इथे स्वतःची मोटार कंपनी काढली. इंजिने दुसऱ्यांची, चौकट आणि बांधणी आपली, असे तिचे धोरण. स्वतःचे इंजिन घडवण्यासारखे भांडवल नव्हते. १९४८ मध्ये ते इटलीतल्या मिले मिलिया शर्यतीत मुलगा जेफ्री याच्यासह उतरले, तेव्हा पन्नाशीला टेकले होते. बापलेकांची गाडी नववी आली.

१९५२ च्या लंडन मोटार प्रदर्शनात त्यांची ‘हीली १००’ ही गाडी ऑस्टिनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांना इतकी आवडली, की ती मोठ्या प्रमाणावर बनवायचा करार तिथेच झाला आणि ‘ऑस्टिन-हीली’ हे नाव जन्माला आले. या घराण्यातल्या ३००० या गाडीने पुढे रॅलीही गाजवली. १९६० मध्ये पॅट मॉस आणि ॲन विज्डम या दोघींनी ती चालवून लीज-रोम-लीज ही अतिशय खडतर रॅली जिंकली.

पण काटकसरीचा खरा वारसा दिसतो तो १९५८ च्या स्प्राइटमध्ये. तरुणांना परवडेल अशी स्पोर्ट्स कार बनवायची, म्हणून ऑस्टिन ए ३५ चे ९४८ सीसी इंजिन आणि पुढचे सस्पेन्शन घेतले, स्टीअरिंग मॉरिस मायनरचे घेतले. दाराला बाहेरून कडी नाही, डिकीला झाकण नाही. उघडझाप करणारे हेडलाइट बसवायचा विचार खर्चापायी सोडून दिला आणि ते बॉनेटवर उभे बसवले. त्यामुळे गाडीला बेडकाचे डोळे आले आणि तीच तिची ओळख ठरली. ही स्वस्त गाडी जगापुढे आणायला जागा निवडली होती मॉन्टे कार्लो.

छोट्या गाडीला न्याय कधी मिळाला?

सुपर सेव्हनला जे जमले नाही ते पुढे दुसऱ्या छोट्या गाड्यांनी करून दाखवले. १९६२ आणि १९६३ अशी सलग दोन वर्षे स्वीडनच्या एरिक कार्लसन यांनी मॉन्टे कार्लो रॅली साब ९६ या गाडीतून जिंकली. तिचे इंजिन ८४१ सीसीचे, म्हणजे सुपर सेव्हनपेक्षा फक्त ९ सीसीने मोठे. १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्क यांची १०७१ सीसीची मिनी कूपर एस पहिली आली. या दोन्ही गाड्यांत इंजिन पुढे होते आणि जोरही पुढच्याच चाकांना मिळत होता. इंजिनाचे वजन ओढणाऱ्या चाकांवर आल्याने बर्फात पकड वाढते. मागच्या चाकांनी ढकलली जाणारी सुपर सेव्हन नेमकी इथे कमी पडत होती.

आजच्या हौशी स्पर्धकांसाठी यात काय?

स्वीडन, फिनलंडमध्ये कमी खर्चातल्या मोटार क्रीडेची परंपरा आजही टिकून आहे. स्वीडनमधल्या ‘फोकरेस’ प्रकारात जुन्या गाड्या लहान ट्रॅकवर, हिवाळ्यात बर्फावरही धावतात. शर्यतीनंतर कोणाचीही गाडी ठरलेल्या माफक किमतीला मागण्याचा हक्क इतरांना असतो. त्यामुळे गाडीवर फाजील पैसा ओतण्याचा मोहच उरत नाही. या अशा मैदानांतून पुढे रॅलीचे चालकही घडतात.

स्टेज रॅलीत मात्र आता एक किमान खर्च चुकत नाही. गाडीच्या आत पोलादी पिंजरा, खास सीट आणि पट्टे, प्रमाणित हेल्मेट, आग न लागणारे कपडे, अग्निशामक हे सगळे सक्तीचे आहे. हीली यांच्या वेळी यातले काहीच नव्हते. डेन्मार्कच्या फाटकावर ते वाचले, तो नशिबाचा भाग होता. त्यामुळे त्यांच्या काटकसरीची नक्कल करताना ही बाजू वगळावी लागते. इंजिनावरचा खर्च पुढे ढकलता येतो, सुरक्षेवरचा नाही. त्यांनी स्वतः निवडलेल्या स्वस्त गाडीलाही ब्रेक मात्र तिच्या वर्गातले सर्वांत चांगले होते, हे विसरू नये.

हीली यांना १९७३ मध्ये ब्रिटनचा सीबीई हा सन्मान मिळाला. जानेवारी १९८८ मध्ये, मॉन्टे कार्लो रॅलीच्याच मोसमात, वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव लावलेल्या गाड्या आज संग्राहकांकडे मोठ्या किमतीला विकल्या जातात. त्या नावाची सुरुवात मात्र पेरनपोर्थच्या गॅरेजमधून आणि टॅलिनहून निघालेल्या २१ अश्वशक्तीच्या एका कौटुंबिक मोटारीतून झाली होती.